यूट्यूब वाहिनीचे प्रेक्षक-विश्लेषण

यूट्यूब वाहिनीचे प्रेक्षक-विश्लेषण म्हणजे यूट्यूब या संकेतस्थळावरील एखाद्या वाहिनीचे व्हिडिओ कोणी, कधी, कोठून व किती वेळ पाहिले याची आकडेवारी अभ्यासून त्या आधारे वाहिनीची आखणी करण्याची पद्धत होय. ही आकडेवारी वाहिनीच्या मालकाला 'यूट्यूब स्टुडिओ' या नियंत्रण-पटलातील 'ॲनालिटिक्स' या विभागात मिळते. व्हिडिओचा विषय, लांबी, मथळा, थंबनेल, भाषा आणि प्रकाशनाची वेळ यांविषयीचे निर्णय घेताना तिचा उपयोग केला जातो.

वृत्तपत्राचा खप किंवा दूरचित्रवाणीची टीआरपी यांच्यापेक्षा ही आकडेवारी दोन बाबतींत वेगळी आहे. एक म्हणजे ती नमुना-पाहणीवर आधारलेली नसून प्रत्यक्ष पाहण्याच्या नोंदींवर आधारलेली असते. दुसरे म्हणजे ती मोठ्या संस्थेइतकीच एकट्या व्यक्तीलाही विनामूल्य उपलब्ध असते. त्यामुळे महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागांतून चालणाऱ्या वाहिन्यांनाही आपल्या प्रेक्षकाचे स्वरूप समजू लागले. मात्र आकड्यांच्या मागे लागल्याने आशयाचा दर्जा, भाषेचे वैविध्य आणि स्थानिक पत्रकारितेची विश्वासार्हता यांवर परिणाम होतो, अशी टीकाही होते.

## पार्श्वभूमी

प्रेक्षकांचा प्रतिसाद मोजण्याची गरज करमणुकीच्या व्यवसायाइतकीच जुनी आहे. तमाशाच्या फडात दौलतजादा आणि संगीत नाटकात 'वन्समोअर' ही प्रेक्षकपसंतीची तत्काळ मिळणारी मापे होती. चित्रपटगृहांच्या काळात तिकीटविक्री आणि चित्रपट किती आठवडे चालला हे प्रमाण मानले गेले. यांतून किती लोक आले हे समजत असे, परंतु ते कोणत्या प्रसंगी कंटाळले हे समजत नसे.

कोल्हापूर हे मराठी चित्रपटसृष्टीचे आद्य केंद्र मानले जाते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने येथे मूकपट निर्माण केले. त्यांपैकी 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही १९२९ मध्ये कोल्हापुरातच झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास स्थलांतरित झाली. मुळात चित्रकार असलेल्या पेंटर यांनी आपल्या चित्रपटांची जाहिरात-चित्रे स्वतः तयार केली. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे भित्तिचित्र उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिचित्रांपैकी एक समजले जाते. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून आत आणणे हे भित्तिचित्राचे काम होते. यूट्यूबवर तेच काम थंबनेल करते. फरक इतकाच की, भित्तिचित्र पाहून किती जण पुढे निघून गेले याची नोंद त्या काळी होत नव्हती, ती आज होते.

भारतीय दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकसंख्या निवडक घरांत बसवलेल्या मापन-यंत्रांवरून काढली जाते. २०१० मध्ये स्थापन झालेली ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल अर्थात 'बार्क' ही संस्था २०१५ पासून असे अंक प्रसिद्ध करते. या पद्धतीत एका जिल्ह्यापुरत्या किंवा एका तालुक्यापुरत्या प्रेक्षकवर्गाचे विश्वसनीय चित्र उमटणे अवघड असते.

## इतिहास

यूट्यूबची स्थापना फेब्रुवारी २००५ मध्ये चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम यांनी केली. २००६ मध्ये गूगलने ही कंपनी १.६५ अब्ज डॉलरना विकत घेतली. सुरुवातीला व्हिडिओखाली दिसणारी व्ह्यूंची संख्या हेच यशाचे एकमेव माप होते. २००७ मध्ये भागीदार कार्यक्रम सुरू झाला आणि जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा व्हिडिओ बनवणाऱ्यांना मिळू लागला. मार्च २००८ मध्ये 'यूट्यूब इनसाइट' हे आकडेवारीचे साधन सुरू करण्यात आले. यूट्यूबची भारतासाठीची आवृत्तीही २००८ मध्येच आली. २०११ च्या अखेरीस इनसाइटची जागा 'यूट्यूब ॲनालिटिक्स'ने घेतली.

केवळ व्ह्यू मोजल्यामुळे फसव्या मथळ्यांना आणि दिशाभूल करणाऱ्या चित्रांना उत्तेजन मिळत होते. त्यामुळे २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशी व शोधनिकाल ठरवताना व्ह्यूऐवजी वॉच टाइम म्हणजे पाहण्यात गेलेल्या एकूण वेळेला अधिक महत्त्व दिले. प्रेक्षक-विश्लेषणाच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा बदल समजला जातो. पुढील काळात प्रेक्षकांचे समाधान सर्वेक्षणांद्वारे जाणून घेऊन त्याचाही समावेश शिफारस प्रणालीत करण्यात आला.

भागीदार कार्यक्रमाची पात्रता अनेकदा बदलली. एप्रिल २०१७ मध्ये एकूण १०,००० व्ह्यूंची अट घालण्यात आली. जानेवारी २०१८ मध्ये ती बदलून १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास वॉच टाइम अशी करण्यात आली. २०२३ मध्ये ५०० सबस्क्रायबर व ३,००० तासांचा एक प्राथमिक टप्पा निर्माण झाला. त्यात मर्यादित सुविधा मिळतात, जाहिरातींच्या उत्पन्नासाठी मात्र वरची अट कायम राहिली.

भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले व लहान गावांतून व्हिडिओ पाहणे परवडू लागले. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स' या लघुव्हिडिओ सेवेची चाचणी प्रथम भारतातच सुरू केली.

## प्रमुख मापने

### इम्प्रेशन आणि क्लिक-थ्रू रेट

व्हिडिओचे थंबनेल प्रेक्षकाच्या पडद्यावर किमान निम्मे आणि एक सेकंदाहून अधिक काळ दिसले, की एक इम्प्रेशन नोंदले जाते. एकूण इम्प्रेशनांपैकी किती वेळा व्हिडिओ उघडला गेला याच्या टक्केवारीस क्लिक-थ्रू रेट म्हणतात. यूट्यूबने दिलेल्या माहितीनुसार निम्म्या वाहिन्या व व्हिडिओंमध्ये हा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. प्रेक्षकवर्ग विस्तारत गेला की हा दर सहसा घटतो. आरंभी व्हिडिओ नियमित प्रेक्षकांना दाखवला जातो आणि नंतर तो अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे दरातील घट म्हणजे अपयश असा निष्कर्ष काढता येत नाही.

### वॉच टाइम आणि सरासरी पाहण्याचा कालावधी

सर्व प्रेक्षकांनी मिळून पाहिलेला वेळ म्हणजे वॉच टाइम. त्यास व्ह्यूंच्या संख्येने भागले असता सरासरी कालावधी मिळतो. क्लिक दर आणि हा कालावधी यांचा एकत्रित विचार आवश्यक असतो. समजा, १० मिनिटांच्या एका पाककृतीच्या व्हिडिओस ४०,००० इम्प्रेशन मिळाले. क्लिक दर ५ टक्के असल्यास २,००० व्ह्यू होतात आणि प्रेक्षक सरासरी ४ मिनिटे थांबल्यास एकूण ८,००० मिनिटे, म्हणजे सुमारे १३३ तास भरतात. भडक थंबनेल लावून क्लिक दर ८ टक्क्यांवर नेला, पण अपेक्षाभंग झालेले प्रेक्षक दीड मिनिटातच निघून गेले, तर ३,२०० व्ह्यूंमधून केवळ ४,८०० मिनिटे, म्हणजे ८० तास मिळतात. व्ह्यू वाढूनही वॉच टाइम घटतो तो असा. याच हिशेबाने ४ मिनिटांच्या सरासरीवर ४,००० तासांची अट पूर्ण करण्यास ६०,००० व्ह्यू लागतात. शॉर्ट्सच्या फीडमधून मिळालेला वेळ या तासांत धरला जात नाही.

### प्रेक्षक-टिकावाचा आलेख

व्हिडिओच्या प्रत्येक क्षणी किती टक्के प्रेक्षक शिल्लक होते हे हा आलेख दाखवतो. पहिल्या ३० सेकंदांनंतर टिकलेल्यांचे प्रमाण स्वतंत्रपणे दिले जाते. आरंभीची खोल घसरण ही मथळ्याने दिलेले वचन व्हिडिओच्या सुरुवातीस पाळले गेले नाही याची खूण असते. लांबलेले नमस्कार, वाहिनीचे बोधचिन्ह व संगीत किंवा सबस्क्राइब करण्याचे आवाहन यांमुळे अशी घसरण होऊ शकते. मधला उंचवटा तो भाग पुन्हा पाहिला गेल्याचे दर्शवतो. पाककृतींच्या व्हिडिओत साहित्याचे प्रमाण सांगितले जाते तेथे असा उंचवटा आल्यास ते प्रमाण पडद्यावर लेखी स्वरूपात देण्याची गरज लक्षात येते. अचानक आलेला खळगा प्रेक्षकांनी तो भाग ओलांडल्याचे सुचवतो. सपाट आलेख दुर्मीळ असतो आणि तो सर्वांत चांगला मानला जातो.

### प्रेक्षकांचे स्रोत

प्रेक्षक व्हिडिओपर्यंत कोणत्या मार्गाने आले याची विभागणी येथे मिळते. मुखपृष्ठ, सुचवलेले व्हिडिओ, यूट्यूबवरील शोध, वाहिनीचे पान, सूचना आणि व्हॉट्सॲपसारखे बाह्य स्रोत हे प्रमुख मार्ग आहेत. शोधातून येणारे प्रेक्षक हळूहळू, परंतु दीर्घकाळ येत राहतात. मुखपृष्ठावरून येणारे प्रेक्षक अल्पावधीत मोठ्या संख्येने येतात. शोधलेल्या शब्दांची यादीही उपलब्ध असते. मराठी प्रेक्षक देवनागरीबरोबरच रोमन लिपीतही शोध घेतात आणि रोमन लिपीत एकाच शब्दाची अनेक वर्णलेखने होतात. त्यामुळे मराठी वाहिन्यांसाठी ही यादी विशेष उपयुक्त ठरते.

### नवे आणि परतणारे प्रेक्षक

वाहिनीवर प्रथमच आलेले व पुन्हा आलेले प्रेक्षक वेगवेगळे दाखवले जातात. एखादा व्हिडिओ गाजल्यावर नव्या प्रेक्षकांची रेषा उंचावते. तिच्या पाठोपाठ परतणाऱ्यांची रेषा वर गेली नाही, तर वाहिनीऐवजी केवळ तो विषय लोकांना हवा होता असा अर्थ निघतो. सबस्क्रायबरांच्या एकूण संख्येपेक्षा परतणाऱ्या प्रेक्षकांची संख्या वाहिनीच्या प्रकृतीचे अधिक खरे चित्र देते, कारण सबस्क्राइब केलेल्यांपैकी अनेक जण पुन्हा फिरकत नाहीत.

### उत्पन्न

जाहिरातदार १,००० जाहिरात-दर्शनांसाठी जी रक्कम देतो तिला सीपीएम म्हणतात. वाहिनीला १,००० व्ह्यूंमागे सर्व मार्गांनी मिळून प्रत्यक्ष मिळणाऱ्या रकमेस आरपीएम म्हणतात. दीर्घ व्हिडिओंवरील जाहिरात-उत्पन्नापैकी ५५ टक्के वाटा वाहिनीस मिळतो. फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सच्या उत्पन्नातील वाहिन्यांच्या हिश्शापैकी ४५ टक्के रक्कम निर्मात्यांना दिली जाते. ८ मिनिटे किंवा त्याहून लांब व्हिडिओंच्या मध्ये जाहिरात घालता येते. ही मर्यादा जुलै २०२० पूर्वी १० मिनिटे होती. आशय ताणून या मर्यादेपलीकडे नेण्याची प्रवृत्ती त्यातून निर्माण झाली, मात्र तिचे परिणाम टिकावाच्या आलेखात लगेच उमटतात.

## शिफारस प्रणालीशी संबंध

गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यूट्यूबच्या शिफारस प्रणालीचे दोन टप्पे वर्णिले आहेत. पहिल्या टप्प्यात प्रचंड संग्रहातून काही शे व्हिडिओ निवडले जातात. दुसऱ्या टप्प्यात विशिष्ट प्रेक्षक त्यांपैकी प्रत्येकावर किती वेळ घालवील याचा अंदाज घेऊन क्रम लावला जातो. म्हणजेच प्रणाली व्हिडिओसाठी प्रेक्षक शोधत नाही, तर प्रेक्षकासाठी व्हिडिओ शोधते. यामुळे 'अल्गोरिदमला काय आवडते' या प्रश्नापेक्षा 'आपल्या प्रेक्षकाला काय आवडते' हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो, असे यूट्यूबकडूनही वारंवार सांगितले जाते.

प्रेक्षक कोणत्या वारी व कोणत्या तासाला यूट्यूबवर असतात याचा तक्ता ॲनालिटिक्समध्ये असतो. प्रकाशनाच्या वेळेचा व्हिडिओच्या दीर्घकालीन कामगिरीवर थेट परिणाम होतो असे आढळलेले नाही, अशी टीप यूट्यूबने त्यासोबत दिली आहे. थेट प्रक्षेपण आणि बातम्या यांच्या बाबतीत मात्र वेळेला महत्त्व असते.

## वाढीसाठी वापरण्याची पद्धत

आकडेवारीचा उपयोग करणाऱ्या वाहिन्यांच्या कामात साधारणतः पुढील टप्पे आढळतात:

* तुलनेचा आधार ठरवणे. प्रत्येक व्हिडिओची तुलना इतर वाहिन्यांशी न करता स्वतःच्या मागील व्हिडिओंशी केली जाते. यूट्यूब स्टुडिओही नव्या व्हिडिओचा क्रम त्याच वाहिनीच्या मागील १० व्हिडिओंच्या संदर्भात दाखवतो.
* दोष नेमका कोठे आहे हे ओळखणे. इम्प्रेशन भरपूर पण क्लिक कमी असल्यास मथळा किंवा थंबनेल सदोष असते. क्लिक चांगले पण टिकाव कमी असल्यास मांडणीत दोष असतो. दोन्ही चांगले असून इम्प्रेशनच कमी असल्यास विषयाचा प्रेक्षकवर्ग मर्यादित असण्याची शक्यता असते.
* एका वेळी एकच बदल करणे. विषय, लांबी आणि थंबनेल एकाच वेळी बदलल्यास परिणाम कशामुळे झाला हे सांगता येत नाही. एका व्हिडिओसाठी तीनपर्यंत थंबनेल आळीपाळीने दाखवून पाहण्याची सोय यूट्यूबने दिली आहे. तिचा निकाल क्लिकवर नव्हे, तर वॉच टाइमच्या वाट्यावर ठरतो.
* मालिका बांधणे. ज्या व्हिडिओनंतर प्रेक्षक त्याच वाहिनीवरील दुसरा व्हिडिओ पाहतात, त्या विषयाची मालिका केली जाते.
* पुरेसा काळ थांबणे. पहिल्या ४८ तासांची आकडेवारी जवळजवळ तत्काळ दिसते, तरी शोधावर चालणाऱ्या व्हिडिओचे मूल्यमापन काही महिन्यांनंतरच करता येते.

लहान वाहिन्यांच्या बाबतीत संख्याशास्त्रीय सावधगिरी आवश्यक असते. शंभर-दोनशे व्ह्यूंच्या व्हिडिओत एखाद्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटाने केलेला फरकही आलेखात ठळक दिसतो. अशा आकड्यांवरून मोठे निर्णय घेणे धोक्याचे ठरते.

## मराठी वाहिन्या

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८.३ कोटी होती. हिंदीच्या गटात नोंदलेल्यांची संख्या ५२.८ कोटी होती. त्यामुळे मराठीत राहावे की मोठ्या प्रेक्षकवर्गासाठी हिंदीकडे वळावे, हा प्रश्न मराठी वाहिन्यांपुढे कायम असतो. आकडेवारीतून याचे एकच उत्तर मिळत नाही. हिंदीत संभाव्य प्रेक्षक अधिक असले तरी स्पर्धाही मोठी असते, तर मराठीत परतणाऱ्या प्रेक्षकांचा आधार लवकर तयार होऊ शकतो.

मधुरा बाचल यांनी अमेरिकेत वास्तव्य असताना २००९ मध्ये 'मधुराज रेसिपी' ही पाककृतींची वाहिनी सुरू केली व पुढे मराठीसाठी स्वतंत्र वाहिनी काढली. एकाच वाहिनीवर दोन भाषांचे व्हिडिओ असल्यास एका भाषेचा प्रेक्षक दुसऱ्या भाषेचा व्हिडिओ टाळतो आणि दोन्हींचे आकडे खालावतात. भाषेनुसार वाहिन्या वेगळ्या ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे.

सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'भारतीय डिजिटल पार्टी' अर्थात 'भाडिपा' या वाहिनीने शहरी मराठी तरुणांना समोर ठेवून विनोदी मालिका व मुलाखती सादर केल्या. सातारा परिसरात चित्रित झालेली 'गावाकडच्या गोष्टी' आणि बारामती परिसरातील 'चांडाळ चौकडीच्या करामती' या मालिकांनी ग्रामीण बोली व ग्रामीण विषयांना यूट्यूबवर मोठा प्रेक्षकवर्ग असल्याचे दाखवून दिले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील सुमन धामणे यांची 'आपली आजी' ही पारंपरिक पाककृतींची वाहिनी २०२० मध्ये लोकप्रिय झाली.

## कोल्हापूरमधील वापर

कोल्हापूर शहर व जिल्ह्यातून बातम्या, खाद्यसंस्कृती, कुस्ती, फुटबॉल, शेती आणि देवस्थाने या विषयांवरील व्हिडिओ मोठ्या प्रमाणावर प्रकाशित होतात. येथील प्रेक्षकांच्या मागणीला स्थानिक दिनदर्शिकेचा स्पष्ट आधार आहे. चैत्रातील जोतिबाची यात्रा, पावसाळ्यातील पंचगंगेची पाणीपातळी, अंबाबाईचा नवरात्रोत्सव, ऊसदराची आंदोलने, गुऱ्हाळांचा हंगाम आणि अंबाबाई मंदिरातील किरणोत्सव असे तिचे टप्पे सांगता येतात. किरणोत्सवाच्या प्रमुख तारखा ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या असल्यामुळे त्या विषयाची मागणी आधीच ओळखता येते.

### फुटबॉल सामन्यांचे थेट प्रक्षेपण

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये आणि शाहू स्टेडियमवरील अन्य स्पर्धांमध्ये पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल आदी तालीम मंडळांचे संघ खेळतात. या सामन्यांचे स्थानिक वाहिन्यांवरून थेट प्रक्षेपण केले जाते. अशा प्रक्षेपणात एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या हे मुख्य माप असते. दीड-दोन तासांच्या सामन्याचा सरासरी पाहिलेला भाग टक्केवारीत कमी दिसतो, परंतु मिनिटांत तो १० मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी अधिक असू शकतो. केवळ टक्केवारी पाहून थेट प्रक्षेपण बंद करणे म्हणूनच चुकीचे ठरू शकते. शहर-निहाय आकडेवारीवरून नोकरीनिमित्त पुणे-मुंबईत गेलेला प्रेक्षकही ओळखता येतो. पेठेत राहणारा प्रेक्षक स्वतः मैदानावर जाऊ शकतो, बाहेरगावच्या प्रेक्षकाला मात्र व्हिडिओखेरीज पर्याय नसतो.

### खाद्यपदार्थ आणि हस्तव्यवसाय

तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळ या विषयांचे व्हिडिओ प्रामुख्याने शोधातून पाहिले जाणाऱ्या प्रकारात मोडतात. त्यांच्याबाबत दोन भिन्न प्रेक्षकवर्ग संभवतात: पदार्थ घरी करू पाहणारा आणि कोल्हापूरला येऊन तो खाऊ पाहणारा. पहिल्याला प्रमाण व कृती हवी असते, दुसऱ्याला ठिकाण व दर. एकाच व्हिडिओत दोन्ही कोंबल्यास दोघेही अर्ध्यावर सोडून जातात.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधील फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारखी पादत्राणे श्रेय न देता सादर झाल्याने वाद उद्भवला आणि हा विषय जगभर चर्चिला गेला. अशा प्रसंगी आधीपासून उपलब्ध असलेला, कारागिरीची नेमकी माहिती देणारा जुना व्हिडिओ पुन्हा पुढे येऊ शकतो. शोधावर चालणाऱ्या आशयाचे हे वैशिष्ट्य आहे.

### पूरकाळातील आकडेवारी

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ती ओलांडून पाणी बरेच वर गेले आणि पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला. अशा काळात पाणीपातळी, बंद रस्ते आणि धरणांतील विसर्ग यांविषयीच्या व्हिडिओंची मागणी एकाएकी वाढते. या वाढीचे दोन अर्थ आहेत. वाहिनीच्या दृष्टीने ती तात्पुरती असते. पूर ओसरल्यावर हे प्रेक्षक बहुतांशी परतत नाहीत, त्यामुळे पूरकाळातील आकड्यांशी नंतरच्या महिन्यांची तुलना दिशाभूल करते. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र ती माहिती घर सोडायचे की नाही, जनावरे हलवायची की नाही, अशा निर्णयांशी निगडित असते. जुन्या पुराची दृश्ये ताजी म्हणून दाखवल्यास किंवा पातळीची वेळ न सांगितल्यास व्ह्यू कमी होत नाहीत, पण नुकसान होऊ शकते. हे नुकसान ॲनालिटिक्सच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

### बोलीचा वापर

'नाद खुळा', 'लई भारी', 'विषय खोल' यांसारखे कोल्हापुरी बोलीतील प्रयोग यूट्यूब व समाजमाध्यमांतून राज्यभर पोहोचले. 'भाडिपा'च्या चालू घडामोडींवरील उपक्रमास 'विषय खोल' हेच नाव देण्यात आले. बोलीमुळे स्थानिक प्रेक्षकाशी जवळीक निर्माण होते आणि बाहेरच्या प्रेक्षकाला वेगळेपण जाणवते. मात्र ठरावीक शब्दांना मिळणारा प्रतिसाद पाहून तेच शब्द पुन्हा पुन्हा वापरले गेल्यास बोलीचे व्यंगचित्र होते आणि तिच्यातील शेती, तालीम, स्वयंपाकघर यांचा मोठा शब्दसाठा बाजूला पडतो.

## मर्यादा आणि टीका

* माप हेच उद्दिष्ट बनणे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार एखादे माप उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही. व्ह्यू मोजले जात असताना फसवे मथळे वाढले, तर वॉच टाइमला महत्त्व आल्यावर व्हिडिओ ताणले जाऊ लागले.
* कारणांचा अभाव. प्रेक्षक कोठे थांबला नाही हे आलेख सांगतो, का थांबला नाही हे सांगत नाही. त्यासाठी प्रतिक्रिया वाचणे व प्रेक्षकांशी प्रत्यक्ष बोलणे आवश्यक असते.
* न आलेल्यांची नोंद नसणे. आकडेवारी केवळ आलेल्या प्रेक्षकांविषयी असते. एकाच मोबाइलवर संपूर्ण घर व्हिडिओ पाहत असल्यास वृद्ध, स्त्रिया व मुले यांचे पाहणे मोबाइलधारकाच्या नावे जमा होते. ग्रामीण भागातील वय व लिंगविषयक आकडे त्यामुळे काळजीपूर्वक वाचावे लागतात.
* मापनाच्या व्याख्या बदलणे. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचा व्ह्यू व्हिडिओ सुरू होताच मोजला जाऊ लागला. त्यामुळे त्याआधीच्या व नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीची संख्या प्रेक्षकांना दिसत नाही, वाहिनीच्या मालकाला मात्र ती दिसते.
* स्थानिक विषयांची उपेक्षा. महापालिकेची सभा किंवा तालुक्यातील पाणीयोजना यांविषयीच्या वृत्तांताला स्वभावतःच कमी प्रेक्षक असतात. आकड्यांनुसार विषय निवडल्यास हे विषय प्रथम गळतात, जरी त्या थोड्या प्रेक्षकांसाठी तीच बातमी सर्वांत उपयोगाची असली.
* निर्मात्यांवरील ताण. आकडेवारी सतत बदलत असल्याने ती वारंवार पाहण्याची सवय लागते आणि प्रत्येक चढ-उताराचा संबंध स्वतःच्या योग्यतेशी जोडला जातो. उत्पन्न याच आकड्यांवर अवलंबून असणाऱ्यांसाठी हा ताण अधिक असतो.
* अवलंबित्व. आकडेवारी, प्रेक्षक आणि उत्पन्न ही तिन्ही एकाच खासगी कंपनीच्या हाती असतात. नियम बदलल्यास किंवा खाते गमावल्यास वाहिनीजवळ प्रेक्षकांशी संपर्काचा दुसरा मार्ग उरत नाही.

यूट्यूब वाहिनीच्या मालकाला प्रेक्षकांची वैयक्तिक ओळख देत नाही. आकडे एकत्रित स्वरूपात असतात व संख्या फार लहान असल्यास काही तपशील दाखवले जात नाहीत. भारतात वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला.

## हे सुद्धा पहा

* यूट्यूब
* बाबूराव पेंटर
* प्रभात फिल्म कंपनी
* भारतीय डिजिटल पार्टी
* कोल्हापूर
* पंचगंगा नदी